चौदा नंबरची अडचण

गल्लीत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे चेनवालीच म्हणायचे. सव्वीस वर्षं ती लोकांच्या पँटींच्या, जॅकेटांच्या, दप्तरांच्या नि प्रवासी बॅगांच्या चेनी दुरुस्त करत आली होती. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, उसवलेलं शिवणं हीही कामं असायची, पण नाव पडलं ते चेनीवरून. लोक म्हणायचे, "चेन गेली हो, नवी टाका." ती पक्कड घ्यायची, रनर दोन्ही बाजूंनी किंचित दाबायची, एकदा वर-खाली फिरवायची आणि म्हणायची, "चेन कुठे गेलीय? आहे इथेच. न्या."

घर चौदा नंबरचं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. नवरा सकाळी सातला कामावर जायचा तो संध्याकाळी सातला परत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. राहता राहिली सासू, तिची कॉट मशीनच्याच खोलीत. वय शहात्तर, कानाने जरा कमी, जिभेने अजिबात नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी चेनवालीने कॉलेजात बी.ए.साठी नाव घातलं. लग्नाआधी बारावी झाली होती, त्यापुढचं राहून गेलं होतं. सासूला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "जा की. मी काय पळून जाणार आहे?" मग सकाळी नि संध्याकाळी मशीन आणि बारा ते चार कॉलेज, असं सुरू झालं. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं उभी राहिली. तिनेही मान डोलावून "बसा, बसा" म्हटलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही यांच्यातच बसायचंय. वर्ग पाच मिनिटं हसत होता. तीही हसली. तेवढ्यावर ते निभावलं.

खरा गोंधळ तिसऱ्या सत्रात झाला.

त्या सत्राला एक नवा विषय आला, समाजसेवेतून शिक्षण. सगळ्यांना सक्तीचा. शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या, उत्साही, बोलताना खडूचे दोन तुकडे करणाऱ्या. त्यांनी सांगितलं, की चार-चार जणांचे गट करून एकेका वस्तीत जायचं, घरोघरी बोलायचं, लोकांची अडचण त्यांच्याच तोंडून समजून घ्यायची आणि तिच्यावर चाळीस तास काम करायचं. दर आठवड्याला वहीत लिहायचं, की आपण काय शिकलो.

"लोकांना शिकवायला जाऊ नका," मॅडम म्हणाल्या, "लोकांकडून शिकायला जा."

चेनवालीने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी फलकावर यादी लागली. गट सहावा, बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली. तिने यादी दोनदा वाचली. शहरात बर्फाचा कारखाना एकच होता.

ती मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, ही तर माझीच गल्ली आहे."

"अरे वा!" मॅडम खूश झाल्या. मग जरा थबकल्या. "पण तुम्ही तिथे विद्यार्थिनी म्हणून जायचं हं. रहिवासी म्हणून नाही."

"म्हणजे कुठून शिरायचं?"

मॅडम हसल्या. चेनवालीने मात्र मनापासून विचारलं होतं. ती रोज गल्लीतून बाहेर पडायची. गल्लीत बाहेरून जायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिनेच तोड काढली. शनिवारी सकाळी ती घरातून निघाली, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, गटातल्या तिघांची वाट पाहिली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि त्यांच्याबरोबर पुन्हा आत आली.

तीन नंबरची शेजारीण दारातच होती. "काय गं, काही विसरलीस?"

"नाही. सर्वेक्षणाला आलेय."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

शेजारणीने तिच्याकडे पाहिलं, ओळखपत्राकडे पाहिलं, आणि "बरं वाटतंय ना तुला?" असं विचारून घेतलं.

गटाची पुढारी होती एक चष्मेवाली मुलगी. वय एकोणीस, गालावर पेनाची शाई, प्रश्नांची पानं छातीशी धरलेली. बाकी दोन मुलं होती, ती सतत एकमेकांकडे बघून बोलायची, त्यामुळे त्यांना वेगळं धरण्यात अर्थ नव्हता. चष्मेवाली प्रश्न वाचायची आणि चेनवाली उत्तर लिहायची.

"घरात माणसं किती?"

"ती काय, तिला ठाऊक आहे," घरातलं माणूस चेनवालीकडे बोट दाखवून म्हणायचं. "लिही गं."

पण पुढचे प्रश्न अवघड होते. घरात भांडणं होतात का? कुणाला व्यसन आहे का? पाणी पुरतं का, शेजाऱ्यांशी पटतं का? लोक चेनवालीकडे बघायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "छे, सगळं उत्तम." मागच्याच आठवड्यात त्या घरातलं भांडण तिने मशीन थांबवून ऐकलेलं असायचं. तिला कळेना, की ऐकलेलं लिहायचं की सांगितलेलं. मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "सांगितलेलंच लिहा." तिने लिहिलं. एकोणतीस घरं झाली आणि एकाही घरात अडचण निघाली नाही. कागदावर एवढी सुखी गल्ली साऱ्या शहरात दुसरी नसेल.

चष्मेवालीचा चेहरा उतरला. "काकू, अडचणच नसली तर आपण काम कशावर करायचं?"

"आहेत गं अडचणी."

"मग सांगत का नाहीत?"

माझ्यामुळे, हे चेनवालीला दिसत होतं. पण मी नसते तरी या पोरांना घरात कुणी घेतलं असतं का, हेही तिला कळत नव्हतं. इकडून बोलावं तर ती गल्लीची, तिकडून बोलावं तर कॉलेजची. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना एक पाय आत, एक बाहेर राहिला की बाद व्हायची पाळी यायची. इथे तर कुणी बादही करत नव्हतं.

शेवटचं घर राहिलं चौदा नंबर.

नियम असा होता की गटातल्या कुणी स्वतःच्या घरच्या मुलाखतीला बसायचं नाही. मशीनवर बसावं तर तीही खोली तीच. मग चेनवाली स्वतःच्या पायरीवर, चेन दुरुस्त करायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी, बाहेर उभी राहिली. सासूला ऐकू कमी, म्हणून चष्मेवाली मोठ्याने विचारत होती आणि सासूही मोठ्याने सांगत होती. पायरीवर काय, समोरच्या घरातही ऐकू गेलं असतं.

"आजी, तुम्हाला कशाची अडचण आहे का?"

मग सासू म्हणाली, "दुपारची."

"दुपारी काय होतं?"

"काही होत नाही. तीच अडचण."

"घरी कुणी नसतं?"

"मुलगा कामावर. सून कॉलेजात. आधी मशीन चालायचं, तेव्हा कुणीतरी आहे असं वाटायचं. आता घड्याळ तेवढं असतं. त्याचं नि माझं किती दिवस पटणार?"

आत पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. चेनवालीला वाटलं आत जावं. मग वाटलं, आपण आत्ता विद्यार्थिनी आहोत. आणि विद्यार्थिनी असलो तर ही आपल्याला सापडलेली पहिली अडचण, आनंद व्हायला हवा. तिला आनंद झाला नाही. वाईट वाटलं म्हणावं तर तेही धड नाही, कारण रागही आला होता, आणि तो कुणावर हे ठरेना. "जा की, मी काय पळून जाणार आहे" असं म्हणणारी हीच बाई ना?

चष्मेवाली बाहेर आली ती चमकत्या डोळ्यांनी. "काकू, सापडली!" आणि मग चेनवालीकडे पाहून तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे... सॉरी."

त्यानंतर गटाने सगळ्या घरांतून पुन्हा एक फेरी मारली आणि एकच प्रश्न विचारला, दुपारी घरात म्हातारं माणूस एकटं असतं का? चार घरं निघाली. मॅडमनी खडूचे चार तुकडे केले. विषय ठरला, ज्येष्ठांचा दुपारचा एकटेपणा. मंगळवारी नि शुक्रवारी वर्ग नसायचा, कारण त्या दुपारी या कामासाठीच मोकळ्या ठेवल्या होत्या. त्या दिवशी दोन ते चार एकेका विद्यार्थ्याने एकेका घरी जाऊन बसायचं, असं ठरलं. बोलायचं, वाचून दाखवायचं, लागेल ते करायचं.

चेनवालीने हात वर केला. "मॅडम, मंगळवार-शुक्रवार मला सुट्टीच आहे. मग मी माझ्या घरी सासूजवळ बसले तर?"

"ते तासांत नाही धरता येणार. ते तुमचं कुटुंब झालं."

"आणि ही बसली तर?" तिने चष्मेवालीकडे बोट दाखवलं.

"ती सेवा."

"सासू तीच."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनाही ते ऐकायला विचित्र वाटलं असावं, कारण त्यांनी खडू खाली ठेवला. "नियम तसा आहे. मी काय करू?"

तर असं झालं की मंगळवारी दोनला चष्मेवाली चौदा नंबरमध्ये शिरायची आणि त्याच वेळी चेनवाली चौदा नंबरमधून निघून बावीस नंबरकडे जायची. दारात दोघींची गाठ पडायची. "आईंना चहा तीनला लागतो," चेनवाली सांगायची. "माहितीय, काकू," चष्मेवाली म्हणायची. दुसऱ्याच आठवड्यात तिला माहीत झालेलं होतं.

बावीस नंबरला लिफ्टवाले आजोबा राहायचे. एका मोठ्या कचेरीत एकतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. आता गुडघे गेले होते आणि घर होतं पहिल्या मजल्यावर, त्यामुळे ते सहा महिन्यांत खाली उतरले नव्हते. मुलगा आणि सून दोघं नोकरीला. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसायचे. चेनवाली समोर बसायची.

"वाचून दाखवू का पेपर?"

"सकाळीच वाचला."

"गोष्टी सांगा ना जुन्या. लिफ्टमधल्या."

"लिफ्टमध्ये काय गोष्टी होणार? लोक चढायचे, उतरायचे. बोलायचे ते एकमेकांशी."

अर्धा तास असाच जायचा. एकदा तिच्या नजरेला आलं की आजोबांची पँट कमरेला दोन मुठी ढगळ झालीय, दोरीने बांधलीय. पुढच्या खेपेला ती सुईदोरा घेऊन गेली आणि तिथेच बसून तीन पँटी आत घेऊन दिल्या. आजोबा प्रथमच खुलले, आरशासमोर उभे राहिले, "कोण म्हणेल रे म्हातारा" म्हणाले. चेनवालीने वहीत लिहिलं. मॅडमनी लाल शाईने शेरा मारला, 'हे चांगलं आहे, पण हा तुमचा व्यवसाय आहे. यातून तुम्ही नवीन काय शिकलात?' चेनवालीने खूप विचार केला. कंबर आत घ्यायला ती तेविसाव्या वर्षी शिकली होती. तो तास कापला गेला.

आणि या सगळ्यात चौदा नंबरमधून हसण्याचा आवाज यायचा. बावीस नंबरची खिडकी गल्लीवर होती. सासूचं हसू चेनवालीला ओळखता येईना, कारण एवढं सलग तिने कधी ऐकलंच नव्हतं. "तुमच्याकडे मजा चाललीय," आजोबा म्हणायचे. "हो," ती म्हणायची.

सत्राच्या मध्यावर वर्गात प्रत्येकाने आपल्या वहीतलं पान वाचायचं होतं. चष्मेवाली उठली आणि वाचू लागली. चौदा नंबरच्या आजी लग्नाआधी चार वर्षं मोज्यांच्या कारखान्यात होत्या. मोज्याची टाच वळवायच्या मशीनवर त्या बसायच्या. ते सगळ्यात अवघड मशीन. दिवसाला दोनशे टाचा. सुपरवायझर त्यांच्यापुढे बोलायला घाबरायचा. एकदा त्यांनी रागाने एका साहेबाला एका पायाला दोन टाचा असलेला मोजा काढून दिला होता.

वर्ग खो-खो हसला. चेनवाली ताठ बसून होती. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं ती मशीनवर बसली होती आणि सासू तीन हातांवर कॉटवर. सुई तुटायची, दोरा गुंतायचा, टीप सुटायची, आणि ती बाई बघत बसायची.

त्या संध्याकाळी तिने घरी येऊन चप्पलही न काढता विचारलं, "आई, तुम्ही कारखान्यात मशीन चालवायचात?"

"कुणी सांगितलं?"

"सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. मलाच नव्हतं. कधी बोलला नाहीत ते?"

"बोलले असते तर तू मला मशीनवर बसवलं असतंस," सासू म्हणाली. "चार वर्षांत पुरेपूर झालं होतं मला."

खरंच बसवलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत कामाचा ढीग असायचा तेव्हा तर नक्कीच. चेनवाली हसू लागली आणि मग तिला रडू आलं, आणि सासू म्हणाली, "एक काय ते कर, जेवायला उशीर होतोय."

चाळीस तास भरत आले. शेवटचं पान लिहायचं होतं, सर्वांत मोठं. अडचण काय होती, आपण काय केलं, अडचण कितपत सुटली. चेनवाली पहिल्याच ओळीवर अडली. दुपारी सासू कॉटवर पडली होती, जागीच होती. तिने वही बंद केली आणि जवळ जाऊन बसली.

"आई, खरं सांगा. मी कॉलेजला जाते ते तुम्हाला खुपतं का?"

"काय?"

"दुपारी एकटं वाटतं, असं त्या मुलीला सांगितलंत ना तुम्ही. मी ऐकलं सगळं."

"हां, ते." सासूने उशी सरकवली. "अगं, ती पोर इतकं तोंड पाडून बसली होती. एकोणतीस घरं हिंडली, कुणी काही देईना. म्हटलं, आपणच देऊ एखादी अडचण. आपल्याच घरची पोर त्या गटात, तुझेही मार्क अडले असते."

"म्हणजे खोटं सांगितलंत?"

"खोटं कशाला? दुपार लांब असतेच. पण तेवढ्यावरून एवढी माणसं कामाला लागतील हे मला काय माहीत!"

"मग एकटं वाटतं की नाही वाटत?"

"कधी वाटतं, कधी झोप लागते," सासू म्हणाली आणि कुशीवर वळली. तिला या विषयात आणखी काही बोलायचं नव्हतं. चेनवाली तिच्या पाठीकडे बघत राहिली. आता सांगितलं ते आपलं मन राखायला, की तेव्हा सांगितलं ते त्या मुलीचं? दोन्ही वेळा सासूचा आवाज अगदी सारखा होता.

बावीस नंबरला शेवटच्या शुक्रवारी ती आजोबांचा निरोप घ्यायला गेली. फॉर्मवर त्यांची सही लागत होती.

"भरले का तास?" आजोबांनी विचारलं.

"आज भरतात."

"बरं झालं. मला काळजीच होती. मधे एक कापला म्हणालीस ना, म्हणून मी गेल्या आठवड्यात डोकं दुखत असूनही झोपलो नाही. म्हटलं, बाई या वयात शिकतेय, आपल्याकडून तिचं नुकसान नको." त्यांनी सही केली, एका दमात, मोठी. मग कागद तसाच हातात धरून विचारलं, "पुढच्या वेळी हे कुणाकडे?"

"पुढच्या सत्राला हा विषय नाही."

"अच्छा," आजोबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. जिना उतरताना चेनवाली मधल्या पायरीवर थांबली. चाळीस तास कोण कुणाजवळ बसलं होतं? तिला वर परत जावंसं वाटलं. पण वर जाऊन काय म्हणायचं हे सुचेना, म्हणून ती खाली उतरली.

शेवटचं पान तिने अकरा ओळींचं लिहिलं. बाकीच्यांनी आठ-आठ पानं लिहिली होती. त्यात असं होतं, 'चौदा नंबरमध्ये अडचण होती की नाही, हे मला समजलं नाही. असेल तर ती माझ्या शिकण्यामुळे झाली आणि माझ्या शिकण्यासाठीच दुसऱ्या मुलीने सोडवली. नसेल तर ती आमच्यासाठी बनवली गेली. बावीस नंबरच्या आजोबांनी मला चाळीस तास दिले असं त्यांचं म्हणणं आहे. मी त्यांना दिले असं माझं होतं. दोन्ही हिशेब बरोबर असू शकतात का, ते मॅडमनी सांगावं.'

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं. वही उघडी होती, लाल पेन बाजूला होतं, पानावर एकही शेरा नव्हता.

"मी तीनदा वाचलं," मॅडम म्हणाल्या. "मार्क चांगले दिलेत. पण तुम्ही जे विचारलंय, ते मलाही माहीत नाही."

"मग तुम्ही शिकवता कसं?" चेनवालीच्या तोंडून गेलं आणि तिने जीभ चावली.

मॅडम रागावल्या नाहीत. खडू शोधत राहिल्या.

सुट्टी लागली. चष्मेवाली दोनदा आली, तासांशिवाय, अशीच. सासूने तिला बोटांनी हवेत टाच वळवून दाखवली. मग ती गावी गेली, आणि येणं थांबलं. सासू तिच्याबद्दल एकदाच बोलली, "पोरगी गुणी होती, पण चहा पांचट करायची."

दुपारी चेनवाली घरी असायची, मशीन चालायचं. वाटलं होतं आईंना बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी कॉटवरून आवाज आला, "बंद कर गं ती खडखड, डोळा लागत नाही."

पुढच्या सत्राचा अर्ज आला. त्यात वर्गाची वेळ निवडायची होती, सकाळची तुकडी की दुपारची. तिने अर्ज सासूपुढे धरला. "आई, कोणती घेऊ? सकाळची घेतली तर दुपारी मी घरी."

"दुपारचीच घे."

"का पण?"

"घे म्हटलं ना."

"माझ्यासाठी म्हणताय की तुमच्यासाठी?"

"काय?" सासू म्हणाली. तिने कानामागे हात धरला होता.

चेनवालीने प्रश्न पुन्हा विचारला, मोठ्याने. सासूने पुन्हा "काय?" म्हटलं. तीन नंबरच्या शेजारणीलाही तो प्रश्न ऐकू गेला असणार. चेनवाली अर्ज घेऊन मशीनपाशी बसली. बराच वेळ तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग दुपारच्या चौकोनात खूण केली, आणि ती बरोबर की चूक हे ठरायच्या आत दारात एक बाई उभी राहिली, बॅग उघडत नाही म्हणून.